घामाची गोष्ट: तुरटी, गुलाबजल आणि स्पिरिट

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढं गेलेला. शाळा सकाळची, तरी अकराच्या तासाला पत्र्याखालचा वर्ग तापलेल्या तव्यासारखा होतो. नववीतली एक मुलगी, जी एरवी माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करते, तिनं दोन आठवडे हातच वर केला नव्हता. उत्तर येत असायचं, ओठ हलायचे, पण कोपर अंगाला चिकटवून ती बसून राहायची. मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग खाली बघत म्हणाली, "आपा, हात ऊपर करी तो बास आती. पीछेवाले हँसते."

मी सहज सांगून टाकलं, की अगं, दुकानात रोल-ऑन मिळतो, लावत जा. त्यावर ती म्हणाली, "उसमें दारू रहती ना आपा? अम्मी बोले, लगाए तो नमाज नै होती."

वर्गात अशा वेळी बाईंकडं उत्तर असायला हवं. माझ्याकडं नव्हतं. मी उर्दू आणि मराठी शिकवते. बीएडला शैक्षणिक मानसशास्त्र शिकले, काखेतल्या घामाचं शास्त्र कुणी शिकवलं नाही. "मी तुला घरी करून देते, दारू न घालता," असं मी बोलून बसले. त्या एका वाक्यानं मला पुढचे दोन महिने कामाला लावलं. स्वयंपाकघरात बाटल्या जमल्या आणि टेबलावर पुस्तकं. हा लेख त्या दोन्हींचा मिळून आहे.

माझं माहेर लातूरचं. नानीच्या घरी न्हाणीच्या कोनाड्यात तुरटीचा एक खडा कायम असायचा, साबणाच्या वडीएवढा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. नानी त्याला फिटकरी म्हणायची, शेजारच्या कुलकर्णी काकू तुरटी म्हणायच्या, पण उपयोग दोघींच्या घरी एकच. गढूळ पाण्याच्या घागरीत फिरवायची, दाढी केल्यावर पुरुषांनी गालावर घासायची, आणि आंघोळ झाल्यावर ओल्या काखेत एकदा फिरवायची. ही तिसरी गोष्ट कुणी मोठ्यानं सांगत नसे. आयांकडून मुलींना कळायची.

तेव्हा सुरुवात तुरटीपासून केली. दहा ग्रॅम तुरटी कुटून शंभर मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवली आणि रोल-ऑनच्या एका रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत भरली. वासाच्या बाबतीत ते पाणी चोख निघालं. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. काखेतले जंतू घामातली द्रव्यं फोडतात तेव्हा तो वास तयार होतो. तुरटी कातडी आकसवते, काखेतली ओल थोडी आंबट करते आणि त्या जंतूंना तिथं वाढू देत नाही. पण ते पाणी सुकेना! काख उघडी ठेवून मी घड्याळाकडं बघत उभी राहायची आणि दर मिनिटाला वर्तमानपत्राची एक पट्टी दाबून बघायची. पट्टीला ओल लागायची थांबायला सहा-सात मिनिटं लागत. सकाळी साडेसहाला डबे भरणाऱ्या घरात एवढा वेळ हात वर करून कोण उभं राहणार? त्या मुलीनं तर त्यावर कुर्ता, ओढणी आणि वर बुरखा घालायचा. ओल्या काखेवर कपडा चढला की सगळं कपड्यालाच लागतं.

सुकण्याची ही अडचण माझ्या एकटीची नाही हे पुढं वाचताना कळलं. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आलेल्या घामरोधकांपैकी 'ओडोरोनो' हे एक गाजलेलं नाव. सिनसिनाटीच्या एडना मर्फी या तरुणीनं ते विकायला काढलं. तिचे वडील शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते आणि ऑपरेशनच्या वेळी तळहाताला घाम येऊ नये म्हणून त्यांनी हे औषध बनवलं होतं. त्यात तुरटीचाच नातलग, ॲल्युमिनियमचा क्लोराइड क्षार, आणि तो टिकावा म्हणून आम्ल. ते सुकायला इतका वेळ लागे की बायका रात्री लावून बसून राहत, आणि नीट सुकलं नाही तर आम्लानं कपडा खाल्ला जाई. १९१९ साली एका जाहिरात लिहिणाऱ्यानं यावर उपाय काढला, पण तो बाटलीतला नव्हता. बायकांच्या एका मासिकात त्यानं जाहिरात दिली, जिचा मथितार्थ असा: तुमच्या अंगाला वास येतो, तुम्हाला तो कळत नाही आणि कुणी तोंडावर सांगत नाही. वाचक बायका चिडल्या, कित्येकींनी मासिक बंद केलं. खप मात्र वर्षभरात दुपटीच्या वर गेला. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या हसणाऱ्या मुलींना या जाहिरातीबद्दल काही माहीत असण्याचं कारण नाही, पण हसण्याची ती पद्धत बरीच जुनी आहे आणि तिच्यावर कुणीतरी पैसे कमावलेले आहेत.

आपल्याकडं घामाबद्दल पहिला बोल कुणी आणि कशासाठी लावला, हे पाहायला मी हदीसची पुस्तकं उघडली. जुम्याच्या दिवशी गुस्ल का करतात, हे मुलांना शिकवताना आपण सवाब सांगतो आणि पुढं जातो. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत इब्ने अब्बास यांची एक रिवायत आहे. इराकहून आलेल्या लोकांनी त्यांना विचारलं, जुम्याचा गुस्ल वाजिब आहे का? त्यांनी त्याची सुरुवात कशी झाली ते सांगितलं. लोक कष्टकरी होते, पाठीवर ओझी वाहायचे, अंगात लोकरीचे कपडे. मशीद अरुंद, छत खाली. एका तापलेल्या दिवशी सगळे घामानं भिजले आणि एकमेकांच्या वासाचा त्रास होऊ लागला. तेव्हा पैगंबरांनी (स.) सांगितलं, की या दिवशी आंघोळ करून या आणि जे बरं तेल-अत्तर असेल ते लावा. बुखारीत हजरत आयेशा यांचीही याच अर्थाची रिवायत आहे. मदिनेच्या आसपासच्या वस्त्यांतून धुळीनं माखून, घामेजून येणाऱ्या माणसांची.

मला यातलं छत फार आवडतं. खाली असलेलं छत. ज्यांनी ही आठवण सांगितली त्यांनी वास मारणाऱ्या माणसांना नावं ठेवली नाहीत. उन्हाळा, लोकर, ओझी आणि छत ही कारणं आधी सांगितली. आमच्या वर्गाचा पत्राही असाच खाली आहे.

आंघोळ करायला आधी पाणी लागतं, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत माझ्या भावाच्या घरी सहा माणसांना मिळून आठवड्याला दोन टाक्या पाणी येई. वुजूला एक तांब्या, त्याचंच पाणी बादलीत धरून पुन्हा संडासाला. तेव्हा शहरातल्या प्रत्येकाच्या अंगाला वास होता, वकिलाच्याही आणि हमालाच्याही, म्हणून कुणी कुणाला हसलं नाही. मला वाटतं घामाचा वास तेव्हाच लाजिरवाणा होतो, जेव्हा शेजारच्या बाकावरच्या घरी नळ चोवीस तास असतो.

तर तुरटी. तिच्यावरून एकदा मुसलमान आणि ख्रिस्ती जगात मोठा वाद झाला होता हे वाचून मी थक्क झाले. कापडावर रंग पक्का बसायला तुरटी लागते, आणि पंधराव्या शतकात युरोपला ती मुख्यतः आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून मिळे. तो भाग उस्मानी सुलतानांच्या हाती गेल्यावर युरोपचे रंगारी अडचणीत आले. मग १४६० च्या सुमारास रोमजवळच्या तोल्फाच्या डोंगरात जोव्हान्नी द कास्त्रो या माणसाला तुरटीचा दगड सापडला. हा गृहस्थ आधी कॉन्स्टँटिनोपलमध्ये कापड रंगवण्याच्या धंद्यात होता. पोपनं ही खाण ताब्यात घेतली, तिचं उत्पन्न तुर्कांविरुद्धच्या धर्मयुद्धाला लावायचं जाहीर केलं आणि ख्रिस्ती माणसानं तुर्कांची तुरटी विकत घेणं पाप ठरवलं. म्हणजे एकेकाळी तुरटीलाही हलाल-हराम होतं, फक्त पलीकडच्या बाजूचं. आमच्या नानीच्या कोनाड्यातल्या खड्याचा धर्म कुणी विचारला नव्हता.

काखेच्या वासावर मुसलमानी जगात आणखी एक औषध चालायचं. बगदादहून निघून ८२२ साली स्पेनमध्ये कोर्दोव्याला पोचलेला झिर्याब हा गवई. त्यानं तिथल्या लोकांना गाण्याबरोबर जेवणाची, कपड्यांची आणि केशरचनेची रीत शिकवली असं जुने इतिहासकार लिहितात, आणि काखेचा वास घालवायला मुर्दासंग वापरायलाही. मराठीत याला मुरदाडशिंग म्हणतात. काष्ठौषधींच्या जुन्या दुकानांत हा शब्द अजून ऐकू येतो. वास जात असेलही, पण ते शिशाचं भस्म आहे, म्हणजे विष. जुनं आणि नैसर्गिक म्हटलं की डोळे मिटून अंगाला लावणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं.

आता आपल्या मुलखाकडं येते. निलंग्याच्या पलीकडं, बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. हेच चालुक्यांचं कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३० च्या आसपास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि त्यात राजाच्या उपभोगांमध्ये स्नान आणि अंगाला लावायचे सुगंधी लेप यांना स्वतंत्र जागा दिली. मराठीच्या जुन्या नमुन्यांसाठी हा ग्रंथ आपण बीएला वाचलेला असतो, लेपांचं पान मात्र उलटून जातो. पुढं माळव्यात मांडूच्या घियास शाह आणि नासिर शाह यांच्यासाठी १५०० च्या आसपास 'निअमतनामा' लिहिला गेला. समोशांच्या आणि शरबतांच्या कृतींच्या मधोमध त्यात अत्तरांच्या आणि काखेला लावायच्या लेपांच्या कृती आहेत. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या नावानं 'इत्र-ए-नौरसशाही' हे सुगंधांवरचं फारसी पुस्तक तयार झालं.

आणि या सगळ्यात मला सर्वांत जवळचं वाटलं ते 'गंधवाद'. सुगंध कसे बनवायचे यावरचा हा संस्कृत ग्रंथ, लेखकाचं नाव हरवलेलं, पण त्यावर मराठीत टीका लिहिलेली! पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या हस्तलिखिताकडं अभ्यासकांचं लक्ष वेधलं आणि १९८९ साली ते बडोद्याहून गंगाधराच्या 'गंधसारा'सोबत छापून निघालं. संस्कृत कळत नसलेल्या कुण्या गंध्याला कृती समजावी म्हणून कुणीतरी ती मराठीत सोडवून लिहिली असणार. उर्दू-मराठीच्या बाईला याहून दुसरं काय हवं? भाषेचं काम शेवटी हेच: कृती ज्याला करायची आहे त्याच्या जिभेवर ती आणून देणं.

या राजांच्या लेपांत चंदन, कापूर, कस्तुरी, केशर असे. आमच्या मुलीला त्याचा उपयोग शून्य. पण ही पुस्तकं वाचताना एक गोष्ट कळली. सुगंध अंगावर न्यायला कशाचं तरी वाहन लागतं. लेपाचं वाहन पाणी किंवा तूप-तेल. अत्तराचं वाहन चंदनाचं तेल. तेल सुकत नाही, मुरतं. म्हणून अत्तर मनगटावर चालतं, काखेत चिकचिक होते. पाणी सुकतं पण सावकाश. तिसरं वाहन स्पिरिट, आणि तिथंच त्या मुलीची अम्मी उभी होती.

स्पिरिट टाळून मी बरंच काही करून पाहिलं. त्वचा मऊ राहावी म्हणून तुरटीच्या पाण्यात ग्लिसरीन घातलं. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून धरतं, त्यामुळं काख संध्याकाळपर्यंत बुळबुळीत. मक्याचं पीठ घातलं, ओल शोषून घेईल म्हणून. ते तळाशी बसलं आणि रोल-ऑनची गोळी जागच्या जागी अडकली. कोरफडीचा गर घातला. सुकताना कातडी ओढल्यासारखी व्हायची आणि पाचव्या दिवशी बाटलीलाच वास यायला लागला. साबुदाण्याच्या पातळ पेजेबद्दल मी काही लिहिणार नाही. घरचे अजून हसतात.

अत्तराचे थेंब पाण्यात घातले तर ते वर तरंगत राहिले. हे पाहून मात्र मला जहांगीर आठवला. त्यानं आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय, की नूरजहाँची आई गुलाबजल काढत असताना गरम गुलाबपाण्यावर तेलाची तवंग जमली, ती तिनं थोडी थोडी गोळा केली, आणि गुलाबाचं अत्तर सापडलं. बादशहाच्या सासूला तरंगणाऱ्या तेलातून अत्तर मिळालं. मला त्याच तरंगणाऱ्या तेलानं एक डाव वाया घालवला.

गुलाबजल मात्र पाण्यात मिसळतं, कारण ते पाणीच आहे. फुलं पाण्यात उकळायची, वाफ थंड करून धरायची. ही ऊर्ध्वपातनाची विद्या अरबांनी खूप पुढं नेली. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीच्या नावावर सुगंध आणि ऊर्ध्वपातन यांवर एक आख्खं पुस्तक आहे, शंभराच्या वर कृतींचं. पुढं याच भांड्यातून द्राक्षाची दारू उतरवली गेली आणि स्पिरिट निघालं. अल्कोहोल हा शब्दही अरबी 'अल-कुहल' वरून आलेला, म्हणजे सुरमा. बारीक सत्त्व या अर्थानं तो पुढं दारूच्या सत्त्वाला लागला. १७०९ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना नावाच्या इटालियन अत्तारानं स्पिरिटमध्ये लिंबूवर्गीय तेलं मिसळून जे पाणी विकायला काढलं, ते 'ओ द कोलोन'. लावलं की क्षणात सुकतं आणि गार वाटतं. पाण्याची वाफ व्हायला जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे चाळीस टक्क्यांत तेवढ्याच स्पिरिटची वाफ होते. शिवाय पावसाळ्यात हवा आधीच पाण्यानं भरलेली असते, ती आणखी पाणी घेत नाही; स्पिरिटला मात्र जागा असते.

आता हे पाणी दारू की अत्तर? हा प्रश्न फक्त आपल्या आयांना पडलेला नाही, तो सुप्रीम कोर्टातही गेला होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं दारूची व्याख्या इतकी पसरट केली, की अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव तिच्यात बसावं. मुंबईचे एक पारशी गृहस्थ, फ्राम नसरवानजी बलसारा, कोर्टात गेले. त्यांच्या मागणीत व्हिस्की, बिअर यांच्याबरोबर ओ द कोलोनही होतं. मे १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टानं दारूबंदी बहुतांशी उचलून धरली, पण औषधं आणि प्रसाधनं जवळ बाळगण्या-वापरण्यावरची बंदी अवाजवी ठरवून तेवढी रद्द केली. पिण्याची दारू वेगळी आणि अंगाला लावायचं पाणी वेगळं, असा तो निवाडा. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात आपण १९५६ ला आलो. तरी निकाल सुप्रीम कोर्टाचा, म्हणजे देशाचा.

कोर्टाचं ठीक, नमाजेचं काय? मी मुफ्ती नाही, तेव्हा जे वाचलं तेवढंच सांगते. हनफी फिकहमध्ये इमाम अबू हनीफा आणि इमाम अबू यूसुफ यांच्या मते द्राक्ष आणि खजुरापासून काढलेली दारू नापाक. इतर गोष्टींपासून निघालेल्या मादक द्रवाला हा नियम तसाच लागत नाही, पिऊन नशा करणं अर्थातच हराम. याच आधारावर मुफ्ती तकी उस्मानी यांच्यासारख्या आजच्या विद्वानांनी म्हटलंय, की अत्तरं आणि औषधांमधलं अल्कोहोल बहुतेक करून द्राक्ष-खजुराचं नसतं, म्हणून ते अंगाला लागल्यानं नमाज बिघडत नाही. सगळ्यांना हे मान्य नाही. इमाम मुहम्मद यांचं मत कडक आहे आणि त्यावर चालणारे उलेमा आपल्या शहरातही आहेत. त्यांच्या सावधगिरीचा मला आदर आहे. पण मतभेद आहे एवढं तरी आयांपर्यंत पोचायला हवं. पोचतं ते फक्त 'नै होती'.

आणि आपल्याकडचं स्पिरिट निघतं कशातून? लातूर-नांदेडच्या रस्त्यानं हंगामात जाणाऱ्या कुणालाही विचारा. एसटीची खिडकी उघडी असेल तर वासानंच कळतं. उसाचा रस, साखर, उरलेली मळी, आणि मळीतून स्पिरिट. द्राक्षाचा आणि खजुराचा त्याच्याशी संबंध नाही. उसापायी पाणी संपलं म्हणून लातूरला रेल्वे आली, असं अनेकांनी लिहिलं. ते पूर्ण खरं नसेल, पूर्ण खोटंही नाही. त्याच उसाचं स्पिरिट बिनपाण्याच्या शहरातल्या काखा सुकवणार, हा हिशोब मला अजून पचलेला नाही.

शेवटी मी ऊसही टाळला. मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, सुई टोचण्याआधी कापसानं लावतात तसलं. ते बहुतेक खनिज तेलाच्या धंद्यातून येतं. दारूशी त्याचं नातं रसायनाच्या वहीतल्या आडनावापुरतं आणि पोटात गेलं तर ते विषारी. रंगाऱ्याचं निळं स्पिरिट मात्र कधीही वापरू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं.

तुरटीच्या त्या दहा टक्क्यांच्या पाण्यात हे ओतल्याबरोबर बाटलीत बर्फ पडल्यासारखं झालं. पांढरी पूड तळाशी बसली. तुरटी पाण्यात विरघळते, स्पिरिटमध्ये विरघळत नाही. स्पिरिट आलं की ती बाहेर पडते. म्हणून तुरटी अगदी कमी करावी लागली. जमलं ते असं: चाळीस मिलिलिटर गुलाबजलात एक ग्रॅम तुरटी पूर्ण विरघळवायची, मग साठ मिलिलिटर स्पिरिट थोडं थोडं घालायचं, रात्रभर ठेवायचं, तळाशी काही बसलंच तर सकाळी दुहेरी सुती कापडातून गाळायचं. गॅसजवळ हे करायचं नाही. लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची, आणि केस काढल्याच्या दिवशी लावायचं नाही, आग होते.

तरी सुकायला अडीच मिनिटं लागत होती. खरा उलगडा इतवाऱ्यातल्या एका अत्तराच्या दुकानात झाला. दुकानदार चाचांना मी माझी बाटली दाखवली. त्यांनी ती तळहातावर फिरवली आणि म्हणाले, "बाजी, पानी का कुसूर नै. गोली ढीली है." बाजारच्या रोल-ऑनची गोळी मोठी आणि दाट मलमासाठी बनवलेली असते, त्यातून माझं पातळ पाणी ओघळत होतं. अत्तराच्या दहा मिलिलिटरच्या बाटलीची गोळी लहान आणि घट्ट. ती अंगावर फक्त ओलसर रेघ सोडते. ही फिरत्या गोळीची युक्ती मूळची बॉलपेनची आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एका अमेरिकन कंपनीत हेलन बार्नेट यांनी ती पेनमधून काखेत आणली. चाचांनी काचेच्या गोळीच्या सहा बाटल्या दिल्या; तुरटीच्या आंबट पाण्यानं लोखंडी गोळी गंजते, हेही त्यांनीच सांगितलं. घरी येऊन वर्तमानपत्राची पट्टी दाबली. पाऊण मिनिटात कोरडी.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा एक बाटली त्या मुलीच्या हातात दिली आणि अम्मीला घेऊन ये म्हटलं. अम्मी आल्या. घरकामं करतात, तीन घरी. स्पिरिट कशातून येतं, कोण उलेमा काय म्हणतात, हे सगळं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "आपा, आप पढ़े-लिखे हैं, आप बोले तो ठीक है. पर इसमें गुलाब है. लड़की जात, रस्ते पर खुशबू लगाके जाना?"

मी दोन महिने दारूचं उत्तर शोधत होते आणि त्यांचा दुसरा प्रश्न सुगंधाचा होता. बायकांनी सुगंध लावून परक्या पुरुषांत जाण्याबद्दल हदीस आहेत, त्यांचा अर्थ कुठवर ओढायचा यावर माझं त्यांच्याशी एकमत नाही, आणि शाळेच्या वाटेवरच्या मुलीला त्या लावाव्यात असं मला वाटत नाही. पण ती मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये उभी होती, कोपर अंगाला चिकटवून.

दुसऱ्या दिवशी गुलाबजल काढून साधं उकळून गार केलेलं पाणी घातलं. अल-किंदी गेले, नूरजहाँची आई गेली, गंधवाद गेला. राहिली तुरटी, पाणी आणि स्पिरिट. त्याला मेडिकलसारखा वास येतो, तो दोन मिनिटांत उडून जातो, मग कसलाच वास राहत नाही. अम्मींनी ती बाटली ठेवून घेतली. परवा निरोप आला, की बाटली संपली आहे, आणि त्या जिथं काम करतात तिथल्या एका ताईंनाही एक हवी आहे. त्यांना गुलाबाची चालेल.